पेटीला शाल

बाबांना काय हवं ते आम्ही विचारलं, तिथेच फसलो.

मार्चच्या शेवटी ते रेल्वेतून रिटायर होणार होते. पार्सल ऑफिसात तीस वर्षं काढलेला माणूस. लोकांची खोकी आणि आंब्याच्या करंड्या गावोगाव पाठवण्यात जन्म गेला, स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. ताईला वाटत होतं, घड्याळ मागतील. मला वाटत होतं, आरामखुर्ची. आई म्हणाली, "विचारूच नका बाप्पा, नाही तं स्कूटर मागतील आन् पडतील." बाबांनी वरणभात कालवला, आणि ताटातून मान वर न करता म्हणाले, "मले एक गाणं पुरं म्हणू द्या. पह्यल्यापासून शेवटपर्यंत. मधातून कोणी उचलू नका."

ताईचा घास हातातच राहिला. आई ताक आणायला उठून आत गेली. ताक समोरच होतं.

हे 'उचलणं' म्हणजे काय ते आधी सांगते, त्याशिवाय आमच्या घराची हालत कळायची नाही. रायपूरच्या आमच्या रेल्वे कॉलनीत मराठी घरं बरीच, भंडारा-गोंदिया-नागपूरकडून नोकरीला आलेली. कॉलनीचा एकच गणपती, आणि रिवाज असा की रोज संध्याकाळी दोन-तीन घरांची पाळी. ज्याची पाळी त्याच्या घरचा प्रसाद, त्याच्या हातून आरती, आणि भजनात एक गाणं त्या घरच्या कर्त्या माणसाचं. तो त्याचा हक्क. गाता येतं का, हे कोणी विचारायचं नाही.

बाबांचा आवाज मोठा होता, खणखणीत होता. फक्त सुराशी त्याची ओळख नव्हती. पेटीवर पट्टी कुठलीही द्या, बाबा आपली वेगळीच घेऊन यायचे, आणि मग तिच्यावरही टिकायचे नाहीत. गाणं दरवर्षी तेच. त्यांच्या वडिलांनी गावाकडे शिकवलेली एक गवळण. डोक्यावर दह्याचं मडकं घेऊन बाई घरून निघते, पहिल्या कडव्यात वेशीपर्यंत येते, आणि वाटेत कृष्ण आडवा उभा.

इथेच उचलायचे.

कॉलनीच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे ते सिग्नल खात्यातले एक गृहस्थ. आम्ही सगळी पोरं त्यांना पेटीकाका म्हणायचो. कानाचे इतके पक्के की शेजारच्या कुकरची शिट्टी कुठल्या पट्टीत झाली ते सांगायचे. एरवी देवमाणूस. कोणाचं नवीन गाणं आलं की पहिल्याच वर्षी त्याच्याकडून शब्द विचारून आपल्या लाल वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायचे, आणि ती वही कापडी पिशवीत घालून जिथे जातील तिथे नेत. पण बेसूर त्यांना सहन व्हायचा नाही, दाढ दुखल्यासारखा चेहरा व्हायचा. बाबांचं पहिलं कडवं संपलं रे संपलं, की काका तबलेवाल्याकडे नुसती हनुवटी उडवत. तबला दुप्पट, झांजा सुरू, आणि सगळं मंडळ एका दमात ध्रुपद उचलून धरायचं. त्या गदारोळात बाबा कुठे बुडाले ते त्यांनाही कळायचं नाही. ध्रुपदावरून गजर, गजरावरून जयजयकार, आणि लगेच प्रसाद. गवळण बिचारी तीस वर्षं वेशीवर उभी.

आणि बाबा घरी यायचे ते छाती काढून! "पाह्यलं? बाकीच्याच्या गाण्यात मुर्दाडासारखे बसून राहते लोकं. आपलं सुरू झालं का कोणाले धीर निघत नाही." ताई आणि मी उशीत तोंड खुपसून हसायचो. आम्हाला वाटायचं, बाबांना काही कळत नाही.

तर त्या दिवशी कळलं की बाबांना सगळं कळत होतं. पहिल्यापासून. मला इतकी लाज वाटली की मी दोन वेळा वाढून घेतलं आणि दोन्ही वेळा टाकलं.

आणि यापुढे तर पाळीही नव्हती. रिटायर झाले की क्वार्टर सोडायचं, क्वार्टर गेलं की कॉलनी गेली, आणि कॉलनी गेली की गणपतीतला हक्क गेला. काय ते आता, नाही तर कधीच नाही.

"करू," ताई म्हणाली. "आपण पार्टी करू."

ताई तेव्हा तेलीबांध्याच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायची. रायपूर नव्या छत्तीसगडची राजधानी होऊन थोडेच दिवस झाले होते आणि सगळ्या गावाच्या अंगात आलं होतं. कोणी दुकानाला नवीन शटर लावलं, "अब तो राजधानी है." भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट देणं बंद केलं, "दीदी, अब तो राजधानी है." मी स्वतः नव्या सरकारच्या एका नव्या खात्यात टायपिस्ट लागले होते, खात्याला पाटी होती, शिक्का होता, माझ्या टाइपरायटरला मात्र टेबल यायचं होतं, म्हणून मी दोन खुर्च्या जोडून त्यावर सरकार चालवत होते. आणि ताईच्या वरच्या मजल्यावर भोपाळहून आलेल्या एक मॅडम राहायच्या. त्यांनी एक पार्टी दिली होती ज्यात सगळ्यांनी पिवळंच घालून यायचं. ताईच्या डोक्यातून ती पार्टी जातच नव्हती.

"थीम पाहिजे," ताई म्हणाली. "म्युझिक थीम. ज्यानं त्यानं एकेक वाद्य होऊन यायचं."

"म्हणजे गं काय?" आईनं विचारलं.

"म्हणजे कोणी बासरी होईल, कोणी ढोल होईल."

"मी तुणतुणं होते," आई म्हणाली. "तीस वर्षं तेच ऐकून राहिली."

पण आई मनातून नाराज होती. रात्रीची भांडी घासताना मला म्हणाली, "तुम्ही पोट्ट्या हौस करून राहिल्या, आन् हसं त्याईचं होईन. मंडळात झाकलं तं जाते. इथं उघडं पडतील." मी म्हटलं, "आई, त्यांनीच मागितलं." आईनं कढई जरा जास्तच जोरात घासली आणि म्हणाली, "हव. तेच तं."

मग सुरू झाला आमचा धिंगाणा. आमंत्रणं माझ्याकडे आली. जुन्या तबकडीसारखी, काळी, गोल, चमकणारी आमंत्रणं करायची असं मी ठरवलं, आणि ऑफिसातले वापरून टाकलेले कार्बन पेपर गोल कापून पुठ्ठ्यावर चिकटवले. दिसायला असली तबकडी! मधोमध पांढऱ्या कागदावर तारीख-वार, दुपारी चार, तेलीबांधा, ताईच्या बिल्डिंगचं पार्किंग. मला माझाच अभिमान वाटला. फक्त कार्बन पेपर हाताला लागतो हे टायपिस्ट असून माझ्या लक्षात आलं नाही. चार दिवस कॉलनीत ज्याची बोटं निळी-काळी तो आमचा पाहुणा, हे लांबून ओळखू येत होतं. एका काकूंनी आमंत्रण वाचता वाचता कपाळाला हात लावला आणि तशाच बाजारात जाऊन आल्या. तबलेवाल्यांनी तर ती तबकडी उजेडात धरली, आणि त्यांना त्यात उलट्या अक्षरात खुर्च्यांच्या मागणीचं सरकारी पत्र वाचता आलं. "खुर्च्या आम्ही आणायच्या का?" असं विचारायला ते घरी आले.

सजावटीला कापड आणायला ताई आणि मी पंडरीला गेलो. ताईला सोनेरी सॅटिन हवं होतं, झालरीपुरतं. पंडरीतला ठोक दुकानदार म्हणाला, कापत नाही, पूर्ण थान, म्हणजे अख्खा तागा घ्या. ताई म्हणाली, कापा. तो म्हणाला, "दीदी, थोक का मार्केट है." ताईनं रागाच्या भरात थान उचललं. मग काय, झालरी झाल्या, पडदे झाले, टेबलावर झालं, तरी थान संपेना. ताईच्या पोरीचा फ्रॉक झाला, माझी ओढणी झाली, जिजाजींना फेटा झाला. जिजाजी म्हणजे ताईचा नवरा. भनपुरीला ट्रान्सपोर्टच्या गोदामावर हिशेबनीस. फेटा बांधून आरशात बघत म्हणाले, "मी कोणतं वाद्य?" आई म्हणाली, "तुम्ही झांज व्हा, जावईबापू, चमकून राहिले." बिचारे खूश झाले.

जिजाजींची आपली एक कल्पना होती. भनपुरीहून एक ट्रक आणायचा, त्यावर धुमाल बसवायचा. धुमाल म्हणजे आमच्याकडचं लग्नाच्या मिरवणुकीतलं भयंकर वाजणारं पथक, दहा ढोल आणि त्यावर कीबोर्ड. घराच्या काचा हलतात. "माझ्या बापाले तीस वर्षं तबल्यानं बुडवलं," ताई म्हणाली, "आता तुम्ही ट्रकखाली टाका." जिजाजींनी फेटा काढून ठेवला आणि टेपरेकॉर्डरमध्ये कोरी कॅसेट घालायचं काम मुकाट्यानं घेतलं.

मुख्य अडचण तशीच राहिली होती. मंडळ येणारच, बाबांचे तेच तर सोबती. मंडळ आलं की पेटी येणार. आणि पेटीकाकांच्या पुढ्यात पेटी असली की हनुवटी उडणार. हात जोडून विनंती करावी, तर बाबांची अब्रू जाते. कोणाला तोंडानं काही सांगायचं नाही आणि उचलूही द्यायचं नाही, असा आमचा पेच.

पेच सोडवला ताईनं, आणि तोही भाजी निवडता निवडता. "शाल-श्रीफळ," ती म्हणाली.

"कोणाला? बाबांना?"

"पेटीले."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. आणि आम्ही दोघी जमिनीवर बसून अशा खिदळलो की आई पोळपाट घेऊन बाहेर आली. पण किती पक्की युक्ती होती बघा! म्युझिक थीमची पार्टी, तर सत्कार वाद्याचाच. पेटीला चौरंगावर बसवायचं, कुंकू लावायचं, अंगावर शाल, गळ्यात हार, पुढ्यात नारळ. एकदा शाल पांघरली की ती ओढून काढून पेटी वाजवायची कोणा मराठी माणसाची छाती आहे? तबल्याचाही असाच सत्कार. झांजांना हार. सगळी फौज मानाने निःशस्त्र.

"आन् तोंडं?" मी म्हटलं. "पेटी नसली तरी तोंडानं उचलतील की."

यावर आई बोलली. आमच्या कटात ती पहिल्यांदाच शिरली. "करी लाडू," ती म्हणाली.

करी लाडू हा इथला, छत्तीसगडी लग्नांतला. बेसनाची जाड शेव गुळाच्या पाकात घालून वळतात. तोंडात घेतला की दाताखाली कडाकडा वाजतो आणि मग गुळानं दोन्ही जबडे एकमेकांना धरून ठेवतात. ते खाताना ध्रुपद उचलणं तर सोडाच, हो-नाही म्हणता येत नाही. आई दोन दिवस लाडू वळत होती, आणि पाक मुद्दाम आणखी थोडा कडक होऊ देत होती. बाबा मधून येऊन विचारायचे, "इतके कायले?" आई म्हणायची, "तुमच्यासाठीच."

पेटीकाकांना सत्काराचं सांगायला मी गेले. मी अगदी तोंडपाठ करून गेले होते, की काका, तुमच्या पेटीनं मंडळाची एवढी सेवा केली, वगैरे. काकांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "पोरी, आजपर्यंत मले चार वेळा शाल भेटली. पेटीले कोणी नाही दिली." आणि उठून आतून पेटी आणली, माझ्यासमोरच तिच्या पितळी कड्या चिंचेनं घासायला बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी मान खाली घालूनच विचारलं, "तुझे बाबा गाणार हायेत ना?"

"हो काका."

"हव," ते म्हणाले, आणि घासत राहिले.

पार्टीच्या दिवशी दुपारी चारला तेलीबांध्याचं ते पार्किंग म्हणजे एक तापलेला तवा होता, पण सोनेरी तवा. खांब सोनेरी, टेबल सोनेरी, माझी ओढणी आणि मागचा पडदा एकाच थानाचे, त्यामुळे मी पडद्यापुढे उभी राहिले की नुसतं माझं डोकं दिसायचं. पाहुणे खरोखर वाद्यं होऊन आले होते! तबलेवाले डोक्यावर एक मोठी आणि एक लहान, अशा दोन टोप्या चढवून आले. एका काकूंनी कानात घुंगरू घातले होते आणि मान हलवल्याशिवाय त्या बोलेनात. वरच्या मॅडम पाठीवर पुठ्ठ्याची सतार बांधून आल्या आणि "कितना यूनीक है!" म्हणत फिरल्या, वळल्या की सतारीचा दांडा कोणाला तरी लागायचा. बाबा पांढरा सदरा घालून पहिल्या खुर्चीत. ते वाद्य झाले नव्हते. म्हणाले, "मी गाणारा आहो." मी पाण्याचा ग्लास दिला, तर म्हणाले, "आता नको, गळा ओला झाला तं बिघडन."

सत्कार झाला. ताईनं पेटीला कुंकू लावलं, जिजाजींनी शाल पांघरली, आईनं नारळ ठेवला. टाळ्या कडकडल्या. पेटीकाका उभे राहून पेटीला हात जोडून होते, डोळ्यांतून पाणी. दोन शब्द बोला म्हटलं तर पिशवी छातीशी धरून खाली बसले.

मग ताईनं खणखणीत आवाजात जाहीर केलं, की आता बाबांचं गाणं, आणि प्रथा म्हणून सगळ्यांनी एकेक करी लाडू पूर्ण तोंडात घ्यायचा. "असं काहून?" एका काकांनी विचारलं. "थीम आहे," ताई म्हणाली, आणि त्यांच्या तोंडात लाडू कोंबला. मी दुसऱ्या बाजूनं सुरू केलं. सतारवाल्या मॅडमना दोन दिले. पेटीकाकांसमोर ताट धरलं तेव्हा त्यांनी सगळ्यांत मोठा लाडू स्वतः उचलला, माझ्याकडे बघितलं, आणि अख्खा तोंडात टाकला.

कूलरची घरघर फार होती. जिजाजींनी टेपचं बटण दाबलं आणि कूलर बंद केला.

बाबा उभे राहिले. डोळे मिटले. आणि गवळण घरून निघाली.

काय सांगू! मंडपात निदान चार बाजू उघड्या असायच्या. इथे वर स्लॅब, तीन बाजूंना भिंती. बाबांचा प्रत्येक बेसूर भिंतीवर जाऊन परत यायचा आणि पुढच्या बेसुराला भेटायचा. समोर चाळीस माणसं गाल फुगवून, कपाळावर घाम, तोंडात कडाकडा लाडू. तबलेवाल्यांच्या दोन टोप्या थरथरत होत्या. घुंगरूवाल्या काकूंनी मान घट्ट धरून ठेवली होती. मला हसू इतकं दाटून आलं की मी ताईचा दंड आवळला, आणि तिनं माझा. पण कोणी हसलं नाही. आई पहिल्या रांगेत पदर मुठीत धरून बसली होती आणि बाबांच्या प्रत्येक शब्दाबरोबर तिचे ओठ हलत होते.

ध्रुपद झालं. पहिलं कडवं झालं. गवळण वेशीवर आली, कृष्ण आडवा उभा राहिला. ती जागा आली.

कोणी उचललं नाही.

बाबांनी डोळे उघडले. सवयीनं पेटीकाकांकडे बघितलं. काकांचे गाल फुगलेले, हनुवटी जागच्या जागी. पार्किंगमध्ये फक्त दातांचा आवाज. ताईनं माझ्या कानात म्हटलं, "जमलं! जमलं गं!" बाबांनी तोंड उघडलं, मिटलं. सदऱ्याची बाही चाचपली. मग आमच्याकडे बघून, अगदी हळू, म्हणाले, "याच्या पुढचं येत नाही मले."

आमच्या डोक्यावर वीज पडली. पेटी बांधली, तबला बांधला, तोंडं बांधली. कार्बन पेपर कापले, अख्खं थान संपवलं. आणि बाबांना गाणं येतं का, हे एकीनंही विचारलं नाही!

"येत होतं," बाबा म्हणाले. ओशाळवाणं हसले. "पुरं येत होतं. पण तीस वर्षं इथून पुढं गेलोच नाही. म्हटलंच नाही तं राहीन कसं?"

मला तिथेच रडू फुटलं. हसू यायचं ते रडू होऊन आलं. ताईनं तोंडावर हात धरला. मंडळाच्या तोंडात अजून लाडू. बाबा खाली बसायला खुर्ची शोधायला लागले.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून एक हात वर झाला. पेटीकाका. दुसरा हात पिशवीत. चेहरा लाल, जबडा वरखाली, डोळे बाहेर आलेले. लाडू काही केल्या गिळला जात नव्हता. हातानं खूण करत होते: थांबा, थांबा, बसू नका. मी धावत पाण्याचा ग्लास नेला. ते घटाघटा पाणी प्यायले, आणि त्यांनी लाल वही उघडली. पहिल्या वर्षीचं पान. बाबांनी पार्सल ऑफिसात नवीन असताना सांगितलेलं आणि काकांनी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलेलं, सगळीच्या सगळी कडवी. जे त्यांनी कधी म्हणू दिलं नाही, ते एवढी वर्षं त्यांच्याच पिशवीत होतं.

काका बाबांच्या बाजूला येऊन उभे राहिले. वहीत बघून पुढची ओळ नुसती वाचली. गायले नाहीत. सुराचा लवलेश लागू न देता, गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर येणार ते सांगावं तसे कोरडे शब्द. बाबांनी ती ओळ घेतली आणि गायली. काकांनी पुढची दिली. बाबांनी गायली. बेसूर तर विचारू नका! काकांच्या तोंडावर ती दाढदुखी दिसत होती, पण बोट ओळीवरून हललं नाही. दुसऱ्या कडव्यात मडकं फुटलं. तिसऱ्यात दही वाटेवर सांडलं आणि गवळण आधी रडली, मग हसली. शेवटच्या कडव्यात ती रिकाम्या हातानं संध्याकाळची घरी पोचते आणि सासू विचारते, दही कुठे गं? बाबांना मधेच आठवायला लागलं होतं. शेवटच्या दोन ओळी काकांनी वाचायच्या आधीच बाबांनी म्हटल्या, डोळे मिटून, आपल्याच त्या विचित्र पट्टीत. काकांनी वही मिटली.

गाणं संपलं. सगळं. शेवटपर्यंत.

तोपर्यंत लाडू संपले होते. टाळ्या पडल्या तेव्हा बाबा दचकले. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. पेटीकाकांकडे वळून म्हणाले, "पोचली बा एकदाची घरी." काका माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "पोरी, पेटीले शाल कायले, ते मले त्याच दिवशी समजलं होतं." मला मान वर करता येईना.

बाबा मात्र अजून उभेच होते. सगळ्या मंडळाकडे एकदा बघितलं, टोप्यांकडे, घुंगरांकडे, फुगलेले गाल सैल पडलेल्या आपल्या सगळ्या सोबत्यांकडे. म्हणाले, "आता उचला ना. एकटा किती वेळ म्हणू?"

पेटीकाका चौरंगाकडे गेले. नारळ बाजूला ठेवला, हार काढला. पेटीच्या अंगावरची शाल दोन्ही हातांनी अलगद उचलली आणि आणून बाबांच्या खांद्यांवर घातली. मग मांडी घालून बसले, भाता ओढला, आणि तबलेवाल्यांकडे हनुवटी उडवली.

एका दमात सगळ्यांनी ध्रुपद उचललं. तबला दुप्पट, झांजा सुरू, मॅडमची सतार हलतेय, आईसुद्धा गातेय. त्या गलक्यात बाबांचा आवाज कुठेच ऐकू येत नव्हता, आणि सगळ्यांत मोठं तोंड त्यांचंच उघडं होतं.